दाव्याचे वय आणि यंत्राचे वय

शेतजमिनीच्या वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल झाला की तो किती वर्षे चालेल, हे दावा लावणाऱ्यालाही सांगता येत नाही. मूळ वादी वारतो, त्याचे वारस रेकॉर्डवर येतात, वकील बदलतात, न्यायाधीशांच्या बदल्या होतात, आणि हुकूमनामा हाती पडल्यावरही अपील व दरखास्त हे दोन मुक्काम पुढे असतातच. त्या दाव्याची नोंद ज्या संगणकावर ठेवली जाते, त्याचे आयुष्य मात्र बरेचसे ठरलेले असते, कारण सर्व्हरची हमी सामान्यतः तीन ते पाच वर्षांची असते आणि ती संपल्यावर सुटे भाग मिळवणे दरवर्षी अवघड होत जाते. पंधरा वर्षे चाललेला दावा अशा हिशेबाने तीन यंत्रे पाहतो. न्यायालयासारख्या ठिकाणी सर्व्हरची निवड करताना प्रोसेसरचा वेग आणि डिस्कची धारणशक्ती यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो: हे यंत्र थकेल तेव्हा त्यातील नोंदी दुसऱ्या यंत्रावर किती सुखरूप जातील? बीड जिल्ह्यासारख्या उष्ण, अवर्षणप्रवण आणि मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या भागात या प्रश्नाला विशेष धार येते.

रुमालातून पडद्यावर

बीड जिल्ह्यात अकरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ आहे. बीड येथे प्रधान जिल्हा व सत्र न्यायालय आहे, अंबाजोगाई येथे अतिरिक्त सत्र न्यायालये आहेत, तालुक्यांच्या गावी दिवाणी व फौजदारी न्यायालये चालतात आणि वरचा टप्पा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा असतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे जुनी कागदपत्रे उर्दूत सापडतात, काही मोडीत असतात, आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतरच्या नोंदी मराठी व इंग्रजीत आहेत. कापडी रुमालात बांधलेल्या बस्त्यांपासून संगणकाच्या पडद्यापर्यंतचा या नोंदींचा प्रवास देशव्यापी ई-न्यायालय प्रकल्पाचा भाग म्हणून झाला.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ मध्ये राष्ट्रीय धोरण व कृती आराखडा तयार केला. प्रकल्पाचा पहिला टप्पा २०१५ मध्ये संपला, दुसरा टप्पा १,६७० कोटी रुपयांचा होता आणि त्याअखेर देशातील १८,७३५ जिल्हा व तालुका न्यायालये संगणकीकृत झाली, तर १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चार वर्षांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. या सर्व न्यायालयांत चालणारी खटला माहिती प्रणाली, जिला वापरणारे ‘सीआयएस’ म्हणतात, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने घडवली. तिची रचना गाभा आणि परीघ अशी आहे, म्हणजे देशभर समान असलेला भाग एक आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे जोडलेला भाग दुसरा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो, ज्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि वर्ष ओळीने सामावलेले असतात. न्यायालय संकुलातील सर्व्हरवर साठलेली माहिती पुढे राष्ट्रीय न्यायिक विदा जालावर जाते, आणि ते जाल सप्टेंबर २०१५ पासून कोणालाही पाहता येते.

ही प्रणाली मुक्तस्रोत पायावर उभी आहे. मुक्तस्रोत आज्ञावली म्हणजे जिची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. न्यायालयांतील संगणकांवर उबुंटू ही लिनक्स परिवारातील कार्यप्रणाली बसवली गेली आणि नोंदींसाठी पोस्टग्रेस-क्यूएल हा डेटाबेस वापरला गेला. डेटाबेस म्हणजे नोंदी तक्त्यांच्या रूपात ठेवणारी, मागितलेली नोंद शोधून देणारी आणि एकाच वेळी अनेकांनी लिहिले तरी गोंधळ होऊ न देणारी आज्ञावली होय. पोस्टग्रेसचे मूळ बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या संशोधनात आहे आणि आजचे नाव त्याला १९९६ मध्ये मिळाले.

मुक्तस्रोत असण्याचा परिणाम थेट हार्डवेअरच्या निवडीवर होतो. अनेक व्यापारी डेटाबेसांचा परवाना प्रोसेसरच्या गाभ्यांच्या, म्हणजे त्यातील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या, संख्येवर आकारला जातो, आणि म्हणून गरज असूनही गाभे कमी असलेले यंत्र घेण्याकडे कल होतो. पोस्टग्रेसला परवान्याचे शुल्कच नसल्याने ते बंधन सुटते आणि वाचलेली रक्कम मेमरी, दर्जेदार डिस्क व वीजव्यवस्था यांच्याकडे वळवता येते.

आकार किती, याचा हिशेब

यंत्र निवडण्याआधी नोंदींचा स्वभाव ओळखावा लागतो. उदाहरणादाखल एका तालुका न्यायालयात वीस हजार प्रकरणे आहेत आणि प्रत्येकात सरासरी तीस तारखा पडल्या आहेत असे धरले, तर रोजनाम्याच्या, म्हणजे त्या त्या दिवशी काय घडले याच्या, सहा लाख नोंदी होतात. एका नोंदीला पाचशे बाइट लागले, तरी सगळा रोजनामा ३० कोटी बाइटांत, म्हणजे सुमारे ३०० मेगाबाइटांत मावतो. सूची, म्हणजे नोंद चटकन शोधून देणारी अनुक्रमणिका, आणि इतर तक्ते मिळून तो काही पटींनी वाढला, तरी तो आजच्या साध्या सर्व्हरच्या मेमरीत पूर्ण बसतो. त्याच सहा लाख तारखांना एकेक आदेश टंकित होऊन शंभर किलोबाइटांच्या फाइलच्या रूपात ठेवला गेला, तर मात्र ६० गीगाबाइट लागतात, म्हणजे रोजनाम्याच्या दोनशे पट. दावे, निशाण्या आणि जुने बस्ते स्कॅन होऊ लागले की हे अंतर आणखी वाढते. तिसऱ्या टप्प्याच्या आराखड्यात ३,१०८ कोटी दस्तऐवजांच्या डिजिटीकरणाचे उद्दिष्ट आहे. प्रत्येकाचे एकच पान आणि पानाला केवळ ५० किलोबाइट धरले, तरी हा साठा दीड हजार टेराबाइटांच्या वर जातो.

या हिशेबातून निवडीचे पहिले तत्त्व निघते. नोंद आणि प्रतिमा यांचे स्वभाव भिन्न असल्याने त्यांची घरेही वेगळी असावीत. नोंद लहान असते, सतत बदलते आणि क्षणात हवी असते, म्हणून तिला जलद व महाग डिस्क योग्य ठरते. स्कॅन केलेले पान मोठे असते, एकदा लिहिले की बदलत नाही आणि नक्कल मागितली जाईपर्यंत क्वचितच उघडते, म्हणून त्याला संथ, स्वस्त आणि मोठी डिस्क पुरते. दोन्ही एकाच डेटाबेसात कोंबले, तर रोजचा बॅकअप दोनशे पट फुगतो आणि डेटाबेस परत उभा करायला मिनिटांऐवजी तास लागतात.

मराठीचा म्हणून आणखी एक हिशेब असतो. आजच्या सर्वमान्य यूटीएफ-८ लेखनपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात, म्हणून ‘बीड’ या दोन अक्षरी शब्दाला नऊ बाइट लागतात. पोस्टग्रेस मोठा मजकूर आपोआप दाबून साठवतो, त्यामुळे दीर्घ आदेशांत हा फरक बराच कमी होतो. पक्षकारांची नावे आणि गावांची नावे अशा लहान रकान्यांत मात्र तो तसाच राहतो.

मेमरी आणि प्रोसेसर

पोस्टग्रेस नोंदी आठ किलोबाइटांच्या पानांत ठेवतो आणि कोणतीही नोंद वाचायची तर तिचे संपूर्ण पान मेमरीत आणतो. पान आधीच मेमरीत असेल तर उत्तर तत्काळ मिळते, नसेल तर डिस्कपर्यंत जावे लागते. रोज लागणारा डेटाबेसाचा भाग मेमरीत मावणे हा म्हणूनच वेगाचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. सामायिक मेमरीसाठी पोस्टग्रेस मूळ मांडणीत केवळ १२८ मेगाबाइट राखून ठेवतो, पण डेटाबेसासाठीच वाहिलेल्या यंत्रावर हा आकडा एकूण मेमरीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास न्यावा असा प्रघात आहे, आणि उरलेली मेमरी कार्यप्रणाली फाइलींच्या पानांसाठी वापरते. आकारापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मेमरी चूक दुरुस्त करणारी, अर्थात ईसीसी प्रकारची, असणे. साध्या मेमरीत एखादा बिट उलटला तर ते कळत नाही आणि चुकीचे पान निमूटपणे डिस्कवर लिहिले जाऊ शकते, तर ईसीसी मेमरी एका बिटाची चूक स्वतः सुधारते. न्यायालयाच्या नोंदीत एक अंक बदलला तर तारीख बदलते, हे ध्यानात घेता या बाबतीत काटकसरीला जागा नाही.

प्रोसेसर निवडताना पोस्टग्रेसची एक जुनी रीत माहीत असावी लागते: प्रत्येक जोडणीसाठी तो स्वतंत्र प्रक्रिया उभी करतो. एका प्रश्नाचे काम अनेक गाभ्यांत वाटण्याची सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आली, पण ‘या क्रमांकाच्या दाव्याची पुढची तारीख कोणती’ असा छोटा प्रश्न एकाच गाभ्यावर सुटतो. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाची यादी, निघते आणि सायंकाळी बेंच क्लार्क पुढच्या तारखा भरतात, अशा कामाला चौसष्ट मंद गाभ्यांपेक्षा आठ किंवा सोळा चपळ गाभे अधिक उपयोगी पडतात. जोडण्या फार वाढल्या तर नवा प्रोसेसर घेण्याआधी त्यांची रांग लावावी. नक्कल विभागाच्या खिडकीसमोर शंभर माणसे असली तरी आत शंभर कारकून बसवले जात नाहीत. पीजीबाउन्सरसारखी मध्यस्थ आज्ञावली नेमके हेच काम करते आणि मोजक्या जोडण्यांतून शेकडो विनंत्या पुढे पाठवते.

यंत्र मंद आहे या तक्रारीचे कारण अनेकदा यंत्रात नसतेही. योग्य रकान्यावर सूची नसेल तर डेटाबेसाला पूर्ण तक्ता चाळावा लागतो, आणि तो दोष दुप्पट मेमरीने फक्त लांबणीवर पडतो. उलट सूचीचीही किंमत असते. पोस्टग्रेस जुनी नोंद खोडत नाही, तिची नवी आवृत्ती लिहितो आणि निकामी झालेली आवृत्ती सफाईच्या वेळी काढतो. या पद्धतीमुळे प्रत्येक बदलात सर्व सूच्यांतही नवी नोंद घालावी लागे. २००८ मधील ८.३ आवृत्तीत, मुख्यतः पवन देवलसी या अभियंत्याच्या कामातून, असा उपाय आला की सूचीतील रकाना बदललेला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल तर सूच्यांना हात लावावा लागत नाही. न्यायालयाच्या कामात मात्र प्रत्येक सुनावणीला पुढची तारीखच बदलते, आणि बोर्ड काढण्यासाठी त्याच रकान्यावर सूची हवी असते, म्हणून या सवलतीचा लाभ तिथे मिळत नाही आणि एका तारखेमागे डिस्कवर अनेक ठिकाणी लिहावे लागते. तारखांवर तारखा पडण्याची ही किंमत पक्षकाराबरोबर डिस्कही मोजते.

लिहिल्याची हमी

डेटाबेसाने ‘नोंद झाली’ असे सांगितल्यावर वीज गेली तरी ती नोंद टिकली पाहिजे, असा त्याचा करार असतो. त्यासाठी पोस्टग्रेस बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत लिहितो आणि ते डिस्कवर खरोखर उतरले याची खात्री झाल्यावरच होकार देतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी फिरती डिस्क सेकंदाला १२० वेळाच फिरते, त्यामुळे बॅटरीचा आधार नसताना एकामागून एक अशा पक्क्या नोंदी सेकंदाला साधारण तेवढ्याच होऊ शकतात. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ही मर्यादा उरत नाही, पण तिथे दुसरा धोका असतो. घरगुती वापराच्या काही एसएसडी माहिती आपल्या तात्पुरत्या मेमरीत घेऊन लगेच होकार कळवतात आणि वीज खंडित झाली की ती माहिती हरवते. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत अशा क्षणी लिहिणे पूर्ण होईपर्यंत ऊर्जा पुरवणारे कपॅसिटर बसवलेले असतात. खरेदीच्या तपशिलात वीज गेल्यास संरक्षण देणाऱ्या या सोयीचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर किमान दराच्या निविदेत पहिल्या प्रकारची डिस्क येण्याची शक्यता अधिक.

एकच माहिती दोन डिस्कवर ठेवण्याच्या रचनेला रेड-१ म्हणतात, आणि अशा जोड्यांमध्ये माहिती वाटली की ती रेड-१० होते. रेड-५ मध्ये जागा कमी वाया जाते, पण प्रत्येक लहान लेखनाला दोन वाचने आणि दोन लेखने लागतात, म्हणून सतत तारखा बदलणाऱ्या तक्त्यांसाठी ती गैरसोयीची ठरते. स्कॅन केलेल्या पानांसाठी ती चालू शकते. डिस्कची जोडी हा बॅकअप मात्र नव्हे, कारण चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

पाटीवरची क्षमता

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. यंत्रे जागेवर होती, त्यांची क्षमता पाटीवर कोरलेली होती, फक्त त्यांना चालवणारे पाणी नव्हते. सर्व्हरच्या माहितीपत्रकातील आकडेही अशाच पाटीवरचे असतात, आणि ते प्रत्यक्षात उतरण्यासाठी स्थिर वीज, थंड हवा आणि वेळेवर पोहोचणारा तंत्रज्ञ या तीन गोष्टी लागतात.

सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी अशी अमेरिकेतील ‘ॲश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे, तर बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. वातानुकूलन यंत्र बंद पडलेल्या बंद खोलीत तापमान झपाट्याने चढते, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. लहान न्यायालयासाठी म्हणूनच कमी वीज खाणारे यंत्र श्रेयस्कर ठरते. सतत ३०० वॅट खाणारा सर्व्हर वर्षाला २,६२८ युनिट वापरतो आणि त्याने सोडलेली उष्णता बाहेर काढायला आणखी वीज लागते. दोन वीजपुरवठा संच असलेले यंत्र घेतले आणि दोन्ही एकाच यूपीएसला जोडले, तर दुसऱ्या संचाचा अर्धा उपयोग वाया जातो. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हरला रीतसर बंद करणारी आज्ञावली बसवलेली असणे, हे बॅटरीच्या मोठेपणापेक्षा जास्त मोलाचे असते. धुळीसाठी जाळ्या, योग्य अर्थिंग आणि कपाटात ठेवलेली एक जादा डिस्क या किरकोळ वाटणाऱ्या बाबी प्रत्यक्षात तपशिलाचाच भाग मानाव्यात, कारण आष्टी किंवा धारूर येथे बिघडलेली डिस्क बदलायला बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाची वाट पाहणे आणि ती जागेवरच बदलणे यांत न्यायालयाचे कित्येक दिवस अडकलेले असतात.

मेघ आणि जमीन

तिसऱ्या टप्प्यात मेघ-सुविधेसाठी १,२०५.२३ कोटी रुपयांची तरतूद आहे. मेघ म्हणजे दूरच्या माहिती केंद्रातील सामायिक यंत्रे जाळ्यावरून वापरणे, आणि तिथे वीज, थंडावा व तंत्रज्ञ यांची काळजी एकाच ठिकाणी, अधिक चांगल्या रीतीने घेता येते. तालुक्याच्या सर्व्हरखोलीचे ओझे त्यामुळे हलके होऊ शकते, पण निवडीचे प्रश्न संपत नाहीत, त्यांचे स्थळ बदलते. मेघातही मेमरी किती, गाभे किती, लेखनाची हमी कोणती, हे ठरवावेच लागते आणि त्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला येत राहते. न्यायालयाच्या बाजूला मग जाळ्याची जोडणी हाच सर्वांत नाजूक भाग होतो. केबल तुटलेल्या दिवशी बोर्ड कसा निघणार, याचे उत्तर म्हणून नोंदींची वाचण्यापुरती प्रत संकुलात ठेवता येते, आणि मूळ डेटाबेसातील बदल सतत दुसऱ्या यंत्रावर पोहोचवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीपासून आहे.

निरोपाची तयारी

पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला मूळ सांभाळ पाच वर्षांचाच मिळतो आणि सर्व्हरची हमीही फार तर तितकीच असते. हे तीन काळ जुळवून खरेदी केली, तर स्थलांतर संकट न होता नेमाने येणारे काम होते. या कामातही खाचखळगे आहेत. २०१८ मध्ये लिनक्सच्या मूलभूत संचात, ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीत, अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. जुन्या यंत्रावरील डेटाबेसाच्या फाइली नव्या कार्यप्रणालीवर जशाच्या तशा नेल्या, तर नावांच्या सूच्या जुन्या क्रमात राहतात आणि अस्तित्वात असलेली नोंद ‘सापडली नाही’ असे उत्तर येऊ शकते. उपाय साधा आहे, सूच्या नव्याने बांधायच्या, पण तो माहीत असणारा माणूस स्थलांतराच्या दिवशी हजर असावा लागतो.

निवडीच्या वेळीच मेमरीच्या काही खाचा रिकाम्या ठेवणे, डिस्क सहज बदलता येतील अशी चौकट घेणे, बॅकअपची एक प्रत संकुलाबाहेर पाठवणे आणि सहा महिन्यांतून एकदा तो बॅकअप जुन्या यंत्रावर उभा करून पाहणे, या चार सवयी कोणत्याही महाग प्रोसेसरपेक्षा अधिक टिकाऊ गुंतवणूक ठरतात. मुदत संपलेला सर्व्हर लगेच मोडीत न काढता या तालमीसाठी ठेवला, तर त्याच्या म्हातारपणाचाही उपयोग होतो.

मराठवाड्यात सप्टेंबर २०२३ नंतर आरक्षणाच्या प्रश्नासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातील कागद पुन्हा उघडले गेले, आणि ज्यांनी ते लिहिले होते त्यांना या प्रश्नाची कल्पनाही असणे शक्य नव्हते. कागद टिकला, शाई टिकली, फक्त उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. आज बीडच्या न्यायालयांत भरली जाणारी तारीख पुढे कोणत्या प्रश्नाचे उत्तर ठरेल हे तसेच अज्ञात आहे, आणि ती वाचायला तेव्हा हे यंत्र खचितच नसेल. डेटाबेसाची संहिता खुली असल्यामुळे ती वाचण्याची किल्ली कोणा एका कंपनीच्या हाती राहत नाही. सर्व्हर निवडणाऱ्याकडे उरते ते इतकेच, की वाटणीचा दावा निकाली निघेपर्यंत त्याची नोंद एका यंत्रावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, एकही तारीख न हरवता पोहोचती व्हावी.